माझ्या वाट्याचे अकराशे

संपादकमित्रानं कविता मागितली होती. या खेपेला कविता नाही. संडासाबद्दल लिहितोय. ज्याला नाक दाबायचंय त्यानं खुशाल दाबावं.

सोलापूरच्या पूर्व भागात आमची चाळ. नऊ खोल्या, मागच्या बोळात दोन संडास. भाडं १८०० रुपये. करार नाही, पावती नाही. महिन्याच्या पाच तारखेला मालकाचा माणूस येतो, नोटा मोजतो, वहीत खूण करतो, जातो. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर. रातपाळी सुटून खोलीवर यायला आठ वाजतात. तोवर सगळ्या चाळीचं उरकलेलं असतं, मग माझा नंबर.

२०२३ च्या पावसाळ्याच्या तोंडाला एक संडास तुंबला. पार वरपर्यंत. दुसरा कसाबसा चालायचा. दोन डबे ओतले की पाणी भांड्यात चढायचं, घटकाभरानं खाली जायचं. त्यात नळाला पाणी चार-चार दिवसांनी. बाया पहाटे अंधारात महापालिकेच्या संडासाला जाऊ लागल्या. मालकाला निरोप धाडला. उलटा निरोप आला, "तुमच्या बायका नाही नाही त्या चिंध्या टाकतात. तुंबवलं भाडेकरूंनी, निस्तरायचंही भाडेकरूंनीच."

रविवारी ओट्यावर बैठक बसली. प्लंबरनं अंदाज दिला होता ९९०० रुपये. नऊ खोल्या, खोलीमागं अकराशे. मी खिशात हात घातला. तेव्हा कोपऱ्यातल्या खोलीतले काका बोलले. रागानं नाही, अगदी मायेनं. "तू पैसे काढू नको बे. तू तेवढा माणूस बघ. तुमच्यात असतंय की कुणीतरी. प्लंबर कशाला लागतोय मग?"

कुणी हसलं नाही. कुणी नाही म्हणलं नाही. रातपाळीहून आल्यावर ज्या मला चहा देतात त्या शेजारच्या मावशी पदराचा काठ बघत बसल्या.

खोली घेताना जात कुणी विचारली नव्हती. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. १४ एप्रिलला दारावर निळा झेंडा लावला तेव्हा कळलं. त्यावर कुणी काही बोललं नाही, म्हणून मी खूश होतो. बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले तर त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन पारश्यांच्या धर्मशाळेत राहिले, तर लोक काठ्या घेऊन आले. त्याला शंभर वर्षं उलटून गेली आणि मला झेंडा लावून राहता येतंय, असा माझा हिशेब. ओट्यावर बसल्या बसल्या तो चुकला. काठ्या नव्हत्या, ते खरं. अकराशे रुपयांची सूट होती.

आता माझ्या जिभेवर काय आलं होतं तेही लिहितो. ते लपवून बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही. मी म्हणणार होतो, "काका, ते काम आमचं नव्हे. आम्ही बौद्ध. ते मेहतरांचं असतंय." ओठापर्यंत आलं होतं. धम्म तोंडात आणि उतरंड पोटात! माझ्या डोक्यावरची पाटी उतरवून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची आणि त्याला स्वाभिमान म्हणायचं. गिळलं ते वाक्य.

म्हणलं, "माझे अकराशे मी देणार. माणूस आणणार नाही. आणि हा खर्च मुळात आपला नाहीच."

हे शेवटचं मी रागात बोललो होतो. खरं आहे का ते नंतर बघितलं. वाचनालयात बसून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ काढला. ती भाषा म्हणजे गुंतलेलं सूत. टोक सापडेपर्यंत दोन सुट्ट्या गेल्या. कलम १४. जागा राहण्याजोगी ठेवायची, दुरुस्त करायची, ते मालकाचं काम. तो करत नसेल तर भाडेकरूंनी मिळून किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. तरी हलला नाही तर आपण दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून कापायचा. मात्र वर्षाला कापायची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याच्या वर नको. आमचं वर्षाचं भाडं २१,६००, चौथा हिस्सा ५४००. आणि करार नाही म्हणून आपण घाबरतो ना? कलम ५५ वाचा. करार लिहून नोंदवायची जबाबदारी मालकाची. तो नोंदवला नसेल तर अटी काय होत्या ते भाडेकरू सांगेल ते खरं धरायचं, मालक उलटं सिद्ध करेपर्यंत. ज्यांचं अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी सही केलेला कागद आधी वाचावा.

नळाचा वॉशर गेला, कडी तुटली, ते आपण करतोच. त्यासाठी कुणी मालकाच्या दारात जात नाही. पण जमिनीतला पाइप, टाकी, चेंबर?

कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्टकडून नोटीस टाइप करून घेतली. नऊपैकी सहा खोल्यांनी सह्या केल्या. काकांनीही केली. रजिस्टर्ड पोस्टानं पाठवली, पोच आली, मालक आला नाही. कायद्याला वाट बघता येते. पोटाला येत नाही. तरी महिना काढला.

मग प्लंबर आला. बरोबर अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं. टाकीचं झाकण सरकवलं तसा पोरानं सदरा काढला, कमरेला दोर बांधायला लागला. प्लंबर म्हणाला, "पाचशे देतो याला, उतरतंय." पोराला विचारलं, कुठला रे? त्यानं वस्ती सांगितली. बाप सफाईवर होता म्हणाला. मी गिळलेलं वाक्य समोर सदरा काढून उभं होतं.

टाकीतला वायू आधी नाक मारतो. वास येईनासा होतो, माणसाला वाटतं बरं झालं, आणि मग माणूस पडतो. असं कुणाला उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. मी झाकणावर पाय ठेवला. उपसायची गाडी मागवा म्हणलं. गाडीनं खर्च अठराशेनं वाढला, खोलीमागं दोनशे. काका कुरकुरले, "पाचशेत होतंय ते एवढ्याला कशाला?" त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना द्यायची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. मेल्यावर तीस लाख. उतरताना पाचशे.

पोरगं मात्र माझ्यावरच चिडलं. "माझे पाचशे बुडाले की दादा!" बरोबर होतं त्याचं. मी कायदा सांगून मोकळा, त्याच्या चुलीचं काय? शेवटी पाइप उकरायला खोदकामाला त्यालाच घ्यायला लावलं. पाचशे त्याचे.

आणि त्याच्याच टिकावाला ती लागली. चिनी मातीचा चार इंची जुना पाइप, सांधा उघडलेला, आणि आत मालकाच्या भिंतीवरच्या पिंपळाची मुळी. हात-सव्वा हात लांब, म्हशीच्या शेपटासारखी केसाळ. चिंधी एकही नव्हती. सगळ्या बाया बोळात येऊन बघून गेल्या. मावशी म्हणाल्या, "आमच्या चिंध्या कुठं हायत, दावा की आता!"

पीव्हीसीचा पाइप बसला. पाणी सुटलं.

पाच तारखेला मालकाचा माणूस आला. मी पाचशे रुपये दिले, बाकी तेराशेच्या बिलाची नक्कल दिली. सही केलेल्या सहांपैकी आम्ही चौघांनीच कापून दिले, बाकीच्यांनी गुपचूप पूर्ण भाडं मोजलं. त्या चौघांत काका होते. "पोरानं नोटीस दिलीय, कलम हाय," म्हणून माझ्या आधी हेच भांडले. माणूस आणायचं परत कधी बोलले नाहीत. चुकलं, असंही बोलले नाहीत.

मला एकट्याला निरोप आला, दिवाळीनंतर दुसरी खोली बघ. मी बघितली नाही. कोर्टात जा म्हणलं. अजून तिथंच राहतोय.

ती मुळी मी टाकली नाही. दारामागं उभी केलीय. वाळून काटकुळी झालीय. मालक स्वतः अजून आलेला नाही.