बोलपटातील मुके संगीत

आमच्या हिंगणघाटात कोणासही बोलपटाच्या संगीताविषयी मत विचारावे, तर तो गाण्यांविषयी बोलू लागतो. कोणते गाणे कोणी गायिले, त्यावर कोणत्या रागाची छाया आहे, पहिले कडवे सरस की दुसरे, ह्या प्रश्नांवर वणा नदीच्या पुलापासून कापसाच्या बाजारापर्यंत चालता चालता वाद घालणारे रसिक आपल्या गावी पुष्कळ आहेत, आणि प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक आहे. परंतु गाणे संपून संवाद चालू असता, अथवा एखादे पात्र काहीही न बोलता नुसते दाराकडे पाहात उभे असता, मागे जे संगीत वाजत असते त्याविषयी विचारले, तर बहुतेक जण गप्प होतात. "तेथेही संगीत होते काय?" असा उलट प्रश्न शिक्षकांच्या खोलीत मला एकाहून अधिक वेळा ऐकावा लागला आहे. ह्या दुसऱ्या संगीतास पार्श्वसंगीत असे म्हणतात. माझे म्हणणे असे की, आपण त्याची फार उपेक्षा केली आहे, आणि त्या उपेक्षेपायी पुष्कळ माणसांचे आयुष्यभराचे काम नाहीसे होऊ दिले आहे.

शाळेच्या वार्षिकात चित्रपटाचा विषय कशास, असे कोणी म्हणेल. त्यास मी गावचाच दाखला देतो. कुष्ठपीडितांच्या सेवेमुळे ज्यांचे नाव जगभर झाले, ते बाबा आमटे १९१४ साली ह्याच हिंगणघाटात जन्मले. आणि तरुणपणी त्यांस इंग्रजी चित्रपटांचा इतका नाद होता की, एका इंग्रजी नियतकालिकाकरिता ते चित्रपटांची परीक्षणे लिहीत असत. चित्रपटाविषयी विचारपूर्वक मत बनविणे हे काही रिकामटेकड्याचे काम नव्हे.

आता आपल्या देशात गाणी तेवढी घरोघरी पोहोचली आणि पार्श्वसंगीत मात्र चित्रगृहातच राहिले, ह्याची कारणे पाहू. पहिले कारण तबकडीचे. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावे. एक गाणे त्यात नेमके बसे. पण कधी चाळीस सेकंद, तर कधी दीड मिनिट वाजून थांबणारे तुकडे जुळवून विकणार कोण? दुसरे कारण जाहिरातीचे. गाणे चित्रपटाच्या आधी गावात येई आणि लोकांस चित्रगृहाकडे बोलावून नेई. पार्श्वसंगीताकडून हे काम होण्यासारखे नव्हते. तिसरे कारण नभोवाणीचे. १९५२ साली रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, १९५७ च्या ऑक्टोबरात 'विविध भारती' अवतरली, आणि लोकांच्या कानास जी सवय लागली ती गाण्यांची. पुढे दीर्घ तबकडी आली, कॅसेट आली, चकती आली, आणि आता तर सारे संगीत खिशातल्या फोनमध्ये मावते. तीन मिनिटांचे बंधन केव्हाच सुटले. तीन मिनिटांची सवय मात्र सुटली नाही.

'शोले' १९७५ साली निघाला, तेव्हा पॉलिडॉर कंपनीने त्यातील संवादांची तबकडी काढली व ती अतोनात खपली. म्हणजे आपले लोक गाण्यावाचून दुसरे काही विकत घेतच नाहीत, असे मुळीच नाही. त्या संवादांखाली वाजणारे राहुलदेव बर्मन ह्यांचे संगीतही त्या निमित्ताने घरोघरी गेले. पण ते गेले पाहुण्याच्या बोटास धरून आलेल्या पोरासारखे! त्याची कोणी विचारपूस केली नाही. इकडे हे होते न होते तोच, १९७७ साली अमेरिकेत 'स्टार वॉर्स' ह्या चित्रपटाचे जॉन विल्यम्स ह्यांनी रचिलेले व लंडनच्या सिंफनी वाद्यवृंदाने वाजविलेले संगीत दोन तबकड्यांच्या संचात निघाले. त्यात गाणे म्हणून एकही नव्हते. तरी त्याच्या लाखो प्रती लोकांनी घेतल्या.

ह्यावरून आपल्याकडे पार्श्वसंगीताची जाण नव्हती असे मात्र कोणी समजू नये. रविशंकरांनी 'पथेर पांचाली' ह्या १९५५ सालच्या बंगाली चित्रपटास दिलेले संगीत जगभर वाखाणले गेले, आणि त्याचे दिग्दर्शक सत्यजित राय ह्यांस ह्या अंगाचे महत्त्व इतके वाटे की, १९६१ च्या 'तीन कन्या'पासून ते आपल्या चित्रपटांचे संगीत स्वतःच रचू लागले. आणि आपली मराठी परंपरा तर त्याहूनही जुनी आहे.

प्रभात कंपनीचा 'कुंकू' हा बोलपट १९३७ साली पडद्यावर आला. ना. ह. आपटे ह्यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवर तो बेतलेला. एका वृद्ध वकिलाशी फसवून लग्न लाविलेल्या नीरेची ती कथा. दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि संगीतकार केशवराव भोळे. भोळे हे जन्माने आपल्या शेजारच्या अमरावतीचे. गाण्याचे मर्मज्ञ टीकाकार आणि वाद्यांचे नवेनवे मेळ घालून पाहणारे. असा संगीतकार हाती असताना 'कुंकू'त पार्श्वसंगीत मुद्दाम वगळलेले आहे. गाणी आहेत, शांता आपटे ह्यांनी तर लाँगफेलो कवीचे इंग्रजी काव्यही त्यात गायिले आहे, आणि आमच्या शाळेत ज्यांनी ते पाठ केले असेल त्यांनी ते आवर्जून ऐकावे. पण दुःखाच्या प्रसंगी सारंगी रडत नाही, की रागाच्या प्रसंगी ढोल वाजत नाही. घरातले व रस्त्यावरले जे नाद स्वाभाविकपणे कानी पडावयाचे, तेवढेच पडतात. त्या घरातील भिंतीवरचे घड्याळ एकदा लक्षपूर्वक ऐकावे, म्हणजे नीरेचे दुःख सांगण्यास सारंगीची गरज का पडली नाही, हे ध्यानात येते.

ह्याच्या उलट टोकास नागराज मंजुळे ह्यांचा 'सैराट' उभा आहे. २०१६ सालच्या ह्या मराठी चित्रपटासाठी अजय-अतुल ह्यांनी थेट अमेरिकेतील लॉस अँजेलिस येथे जाऊन मोठा पाश्चात्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. चार गाण्यांनी महाराष्ट्र नाचविला; आमच्या स्नेहसंमेलनातही ती गाणी वाजल्यावाचून राहिली नाहीत. पण त्या संगीतकारांचे व दिग्दर्शकाचे खरे सामर्थ्य मला दिसते ते शेवटच्या प्रसंगात. तेथे ते लहान मूल रक्ताळलेल्या पावलांनी बाहेर येते, आणि त्या वेळी एवढा थोरला वाद्यवृंद दिमतीस असून एकही वाद्य वाजत नाही. चित्रगृह सुन्न होते. 'कुंकू' आणि 'सैराट' ह्यांमध्ये ७९ वर्षांचे अंतर आहे. पण संगीत कोठे नको हे ठरविणे हाही संगीतकाराच्या विद्येचाच भाग होय, ही गोष्ट दोघांनीही सारखीच जाणली. तबकडी ऐकून ही विद्या कळावयाची नाही. ती चित्रासमोर बसूनच कळते.

आता वादकांविषयी. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद पुष्कळ अंशी गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी उभा केला. तिकडे चर्चच्या शाळांतून मुलांस लहानपणीच पाश्चात्य स्वरलिपी व व्हायोलिन शिकवीत, आणि त्या शिक्षणाच्या बळावर ही मुले मुंबईस येऊन पोट भरीत. माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त एका विनोदी गाण्यात हे नाव येते, ती शिष्याने गुरूस वाहिलेली कृतज्ञता आहे, हे ते गाणे गुणगुणणाऱ्या हजारांतल्या एकास तरी ठाऊक असेल काय? सेबास्तियन डिसोझा ह्यांनी शंकर-जयकिशन ह्यांच्या कित्येक गाण्यांची वाद्यरचना केली. त्यांचे नाव तरी कितीकांनी ऐकले आहे? ग्रेगरी बूथ नावाच्या परदेशी संशोधकाने २००८ साली ह्या वादकांच्या मुलाखतींवरून एक ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे पुष्कळांची नावे प्रथम छापली गेली.

हा विषय मला इतका जवळचा वाटण्यास घरचे कारण आहे. माझे थोरले मामा व्हायोलिन वाजवीत. नागपुरास एका वृद्ध पाद्रीसाहेबांजवळ ते स्वरलिपी शिकले व पुढे वीसएक वर्षे मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतून काम करीत राहिले. त्यांच्यामागे मामींजवळ एक वही राहिली आहे. तीत तारीख आहे, वेळ आहे, मिळालेले रुपये आहेत. पण चित्रपटाचे नाव बहुधा कोठेच नाही, कारण आज आपण कोणत्या चित्रपटाकरिता वाजवीत आहो हे पुष्कळदा वादकांसच सांगितले जात नसे. पुढे काचेआड चित्र फिरे, समोर कागद असे, आणि काम संपले की माणूस पुढच्या ठिकाणी धावे. मामांचे म्हणून खात्रीने सांगता येईल असे वादन मला एकच ठाऊक आहे. एका चित्रगृहात मामा मामींच्या कानाशी लागून "आता ऐक" एवढेच म्हणाले होते. त्या प्रसंगी एक आई मुलाची वाट पाहात जेवणाचे ताट बाजूस सारते, शेजारीण तिची समजूत घालीत असते, आणि त्या बोलण्याखाली चाळीसएक सेकंद एकटे व्हायोलिन वाजते. ते कधीही तबकडीवर निघाले नाही.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी हे बोलण्याच्या ओघात सांगितले. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, त्यातले बोलणे काढून टाकता येत नाही काय?" हल्ली संगणकाच्या साहाय्याने माणसाचा आवाज व वाद्याचा आवाज काही अंशी निरनिराळे करता येतात, हे त्यास ठाऊक होते. दोन दिवसांत तो ते करून घेऊन आला. व्हायोलिन वेगळे झाले होते; पण पाण्याखालून ऐकू यावे तसे थोडे कापरे झाले होते. मी ते मामींस ऐकविले. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले, पुन्हा एकदा लाविण्यास सांगितले, आणि मग म्हणाल्या, "छान आहे रे. पण त्या बाईचे बोलणे होते तेच बरे होते. ती बोलते म्हणून तर हे हळू वाजवीत होते."

ह्या वाक्याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. आमच्या उपासनेत पेटी वाजविणारा बंधू गीताच्या आधी, दानपात्र फिरत असता, व लोक उठून बाहेर पडत असता मंद सुरांत काही वाजवीत असतो. ते कोणी ऐकावे म्हणून तो वाजवीत नाही; परंतु एखाद्या रविवारी तो आजारी पडला म्हणजे सर्व मंडळीस काहीतरी उणे वाटते. मामांचे वादन त्या जातीचे होते. दुसऱ्याच्या बोलण्यास जागा करून देणे हीच त्यातील कला. तेव्हा ते एकटे काढून दाखविल्याने त्याची थोरवी पुरती दिसणार नाही, हे मामींचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु स्वतः मागे राहण्यात ज्याची कला आहे, त्याचे नावही मागेच राहावे, असे मात्र त्यावरून मुळीच ठरत नाही.

म्हणून माझे मागणे मोजके आहे. पार्श्वसंगीताच्या ज्या मूळ फिती कोठे शिल्लक असतील त्या जतन व्हाव्यात. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, त्यात जसे चित्र राखले जाते तसे हे संगीतही वादकांच्या नावांसह राखले जावे. सरकारदरबारी ह्या कलेची ओळख पटली आहे. २००९ च्या चित्रपटांपासून राष्ट्रीय पारितोषिकांत गाण्यांचे व पार्श्वसंगीताचे पारितोषिक निरनिराळे करण्यात आले. संगीत प्रसिद्ध करणाऱ्या कंपन्यांनीही गाण्यांच्या मागोमाग ते प्रसिद्ध करावे; आता तबकडीत जागा नाही ही सबब उरलेली नाही.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्याकडे मागावयाचे ते ह्याहूनही थोडे आहे. पुढचा चित्रपट पाहाल तेव्हा कथेचा धागा न सोडता दहा मिनिटे कान मागच्या सुरांकडे द्या. संगीत कोठे सुरू झाले, कोठे थांबले, आणि थांबले तेव्हा तुमच्या मनाचे काय झाले, हे घरी येऊन वहीत लिहा. शेवटी नावांची यादी वर सरकू लागली व लोक चपला शोधू लागले, तरी क्षणभर बसून राहा आणि वादकांची नावे दिली असतील तर ती वाचा. कोणाच्या तरी घरी एखादी वही असेल, जीत तारखा व रुपये आहेत पण चित्रपटाचे नाव नाही. त्या घरच्या माणसांस आपला माणूस नेमका कोठे वाजत आहे हे तुमच्यापैकी एखाद्याच्या कानामुळे कळले, तर शाळेत शिकलेल्या लक्ष देण्याच्या विद्येचा ह्याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.