मिस्त्रीचे दिवस आणि सासूबाईंचा नियम



यंदा चातुर्मासाआधी स्वयंपाकघराचं काम उरकायचं होतं. चातुर्मासात आमच्याकडे तोडफोड काढत नाहीत. शिवाय सासूबाईंचा चौविहार, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. ओटा फोडल्यावर शेगडी त्याच खोलीच्या कोपऱ्यात मांडायची, म्हणजे मिस्त्री उठल्याशिवाय स्वयंपाक नाही. "तेवढे दिवस मी लेकीकडे जाते," असं त्या म्हणाल्या आणि मला कसंतरीच झालं. घरात काम निघालं म्हणून मोठ्या माणसाने घर का सोडावं?

मग ह्यांच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट उघडलं. हे प्रत्येक कामापुढे तारीख टाकायला लागले, मी थांबवलं. सुरुवातीची तारीख टाकली की सॉफ्टवेअर 'याआधी सुरू करायचं नाही' असं बंधन घालतं. नळाचं काम दोन दिवस आधी संपलं तरी प्लास्टर पुढच्याच तारखेला बसून राहतं. म्हणून आम्ही फक्त किती दिवस आणि कशानंतर काय, एवढंच भरलं: पाइप, प्लास्टर, टाइल्स, ओटा, सिंक.

प्लास्टरला ७ दिवस पाणी मारायचं होतं. नुसते ७ दिवस लिहिले तर सुट्टीचे वार सोडून मोजतं. पण प्लास्टरला कसला रविवार? तिथे आकड्यापुढे 'ईडी' लिहायचं (नाव ऐकून घाबरू नका!), मग सगळे दिवस सलग धरले जातात.

चातुर्मासाची तारीखही बंधन म्हणून घातली नाही, 'डेडलाइन'च्या रकान्यात लिहिली. बंधनाने शेवटचं काम त्या तारखेला खिळून बसतं, मागचं रखडलं तरी. डेडलाइन काही अडवत नाही, फक्त उशीर होणार असेल तर लाल खूण दाखवते. खरं काय ते आधी कळलेलं बरं.

राहिला सासूबाईंचा नियम. तो कॅलेंडरमध्ये घातला: स्वयंपाकघरातलं काम ९ ते ४, मध्ये तासभर जेवण. म्हणजे रोजचे ६ तास. सॉफ्टवेअरचा दिवस मात्र ८ तासांचा. त्यामुळे टाइल्सचं ४ दिवसांचं, म्हणजे ३२ तासांचं काम सहाव्या दिवसावर गेलं आणि शेवटी लाल खूण उमटली.

हे म्हणाले, "मिस्त्रीला ६ वाजेपर्यंत थांबवू या का?" मी म्हटलं, "नको, एक आठवडा आधी सुरू करू." तारीख आपल्या हातातली होती, आईंचा नियम नव्हे.

मिस्त्री रोज ४ वाजता हात धुऊन जायचा. मी झाडून-पुसून कुकर लावायची. आई लेकीकडे गेल्या नाहीत. रोज उजेडात, आपल्याच घरात जेवल्या.

तुमच्याकडे काम निघणार असेल, तर मिस्त्रीला "किती दिवस?" विचारण्याआधी दिवसाचे किती तास द्यायचे ते घरात ठरवा.