फासे टाकायचे की गुण वाटून घ्यायचे?

फासे म्हटलं की आपल्या घरात आधी शकुनीमामा आठवतो, मग लुडो. आमच्याकडे मात्र सुट्टीत भावंडं जमली की फासे निघतात ते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'साठी. तुम्ही हा खेळ पाहिला नसेल तर थोडक्यात सांगते. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि गुहेत, जंगलात ते पात्र काय करेल हे बोलून ठरवायचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये अमेरिकेत हा खेळ आणला.

प्रत्येक पात्राला सहा गुण असतात: ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि समोरच्यावर छाप पाडण्याची हातोटी. यांचे आकडे आणायचे कुठून? खरी गंमत (आणि भांडण) इथेच आहे.

मूळ पद्धत कडक होती. तीन फासे टाका, बेरीज लिहा, तीही क्रमानेच. सरासरी साडेदहा. 18 पडण्याची शक्यता 216 मध्ये एक. पुढे चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा सोडून द्यायची पद्धत आली. त्यात सरासरी 12 च्या थोडी वर जाते आणि 18 साधारण 62 मध्ये एकदा पडतो.

तरीही नशीब ते नशीबच! एका दिवाळीत माझ्या नऊ वर्षांच्या मावसबहिणीचा सगळ्यात मोठा आकडा होता 11. तिच्या दादाला दोन 17 मिळाले. चार संध्याकाळी दादा दारं फोडत होता आणि ही मशाल धरून मागे उभी. "खेळ आहे गं, चालायचंच," असं मोठी माणसं म्हणाली. पण लुडो अर्ध्या तासात संपतो, इथले आकडे महिनोन्महिने चिकटतात. आणि दादाला किती, तुला किती, हे ती वर्षभर मार्कांवरून ऐकतच असते की!

2014 च्या आवृत्तीत यावर दोन उपाय आहेत. एक, सगळ्यांना तेच सहा आकडे: 15, 14, 13, 12, 10, 8. दुसरा, 27 गुणांची खरेदी. प्रत्येक गुण 8 पासून सुरू होतो, 13 पर्यंत प्रत्येक पायरीला एक गुण मोजायचा, 14 आणि 15 साठी दोन-दोन. अगदी महिन्याचं बजेट! मोठ्या मुलांना हे आवडतं. लहानांच्या वेळी मात्र बाबाच कॅल्क्युलेटर घेऊन बसतात. शिवाय सगळे योद्धे एकाच साच्यातले निघतात.

म्हणून मला पटलेली पद्धत अशी: चार फाशांचे सहा डाव, मुलांनी आळीपाळीने टाकायचे. जे सहा आकडे येतील ते सगळ्यांचे. कुठला आकडा कुठे ठेवायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. 6 पडला तर सगळं टेबल एकदम हळहळतं, कुणी एकटं पडत नाही. मावसबहिणीने गेल्या वेळी तो 6 ताकदीला दिला आणि 16 छाप पाडण्याला. दार तिच्याने फुटत नाही, पण पहारेकरी गप्पांत किल्ली देऊन टाकतो.

घरात चार फासे नसतील तर एकच चारदा टाका. पुढे खेळताना वीस बाजूंचा फासा लागतो. तो नसला तर 1 ते 20 च्या चिठ्ठ्या एखाद्या डब्यात टाका, काम भागतं.