ओळीने शून्यं असलेली नोट

नोटेवर जिथे क्रमांक असतो तिथे ओळीने शून्यं, आणि अंगावरून तिरका, लाल शाईत एकच शब्द: स्पेसिमेन. कधी हा शब्द छापलेला नसतो, बारीक छिद्रांनी कागदात टोचलेला असतो. नोट दिव्यासमोर धरली की अक्षरं उजेडाने भरून येतात. ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रस्त्यावरून आत वळणाऱ्या गल्लीत माझं घर. खाली संध्याकाळची झुंबड, रिक्षावाल्यांची सुट्ट्या पैशांवरून चाललेली बोलणी, आणि वर टेबलावर या नोटा, ज्यांनी उभ्या आयुष्यात एक काडेपेटीसुद्धा विकत घेतलेली नाही.

त्यांचं काम निराळं होतं. नवी नोट निघाली की तिचे नमुने बँकांना, सरकारी खजिन्यांना, परदेशातल्या मध्यवर्ती बँकांना जात. खरी नोट कशी दिसते हे रोखपालाच्या डोळ्यांत ठसावं म्हणून. लंडनच्या डी ला रू, ब्रॅडबरी विल्किन्सन यांसारख्या छापखान्यांकडे गिऱ्हाईक सरकारांना दाखवायचे नमुने असत. न्यूयॉर्कच्या अमेरिकन बँक नोट कंपनीचा असा साठा १९९० साली लिलावात निघाला आणि जगभरच्या संग्राहकांच्या अल्बमांत पांगला. चलनातल्या नोटेला घामाचा वास लागतो, हळदीचं बोट लागतं, कुणी कोऱ्या जागेत दुधाचा हिशोब मांडतं. चित्राकडे नजर जायला फुरसत कुणाला असते? नमुना कोराच राहतो. खोदकाम करणाऱ्या कारागिराची रेघ न रेघ त्यात शाबूत असते, आणि बोट अलगद फिरवलं तर शाईचा उठाव लागतो. जुने हिंदुस्थानी नमुने माझ्या ऐपतीबाहेरचे. म्हणून शेजारच्या पानांत मी साध्या, वापरून मऊ पडलेल्या नोटा लावल्या आहेत. दोन्ही एकत्र पाहिल्या की एका राज्यकर्त्याला काय दाखवायचं होतं आणि लोकांनी त्याचं काय केलं, हे दोन्ही कळतं.

१८६१ च्या कायद्याने सरकारी नोटा सुरू झाल्या तेव्हा त्या एकाच बाजूला छापलेल्या असत. व्हिक्टोरिया राणीच्या चेहऱ्याची पहिली मालिका नकला होऊ लागल्याने मागे घ्यावी लागली. मुंबई चलनमंडळाची (करन्सी सर्कलची) नोट हक्काने वटायची ती त्या मंडळातच. टपालाने पैसे पाठवायचे तर नोट मधोमध कापत, एक अर्धी आधी रवाना करत, ती पोचल्याचं पत्र आलं की दुसरी. पलीकडचा माणूस मग दोन्ही जोडून घेई. असा सांधा असलेल्या नोटेची किंमत बाजारात कमी धरतात. मला ते पटत नाही. त्या सांध्यात कुणीतरी उत्तराची वाट पाहिलेले दिवस आहेत.

१९२८ साली नाशिकरोडच्या छापखान्यात नोटा निघू लागल्या. पहिली पंचम जॉर्जची, पाच रुपयांची. आमच्या ठाण्यावरून जाणारे रूळच पुढे कल्याण, कसारा घाट करत नाशिकरोडला पोचतात. रिझर्व्ह बँक १९३५ ची, तिची पहिली नोट १९३८ ची. आणि १९४३ नंतरच्या काही वर्षांतल्या नोटांवर सही आहे चिंतामणराव देशमुखांची. हे पान मी सर्वांत जास्त वेळा उघडतो. मुकुट घातलेला सहावा जॉर्ज आणि त्याच कागदावर महाडजवळच्या नाते गावात जन्मलेल्या, जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळवलेल्या, मेघदूत मराठीत आणणाऱ्या माणसाची सही. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. पुढे १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जपान्यांनी आपल्या नोटांच्या हुबेहूब नकला करायचा घाट घातला, तेव्हा जलचिन्ह बदललं आणि नोटेच्या कागदात पहिल्यांदा सुरक्षा धागा आला. आज आपण दोनशेची नोट उन्हाकडे धरून जो धागा पाहतो, त्याचं मूळ त्या युद्धात आहे.

मराठी वाचकाला आणखी दोन पानं दाखवायलाच हवीत. एक निजामाच्या नोटेचं. १९१८ पासून हैदराबाद संस्थानाच्या नोटा निघाल्या, नंतर त्याही नाशिकलाच छापल्या जात. उर्दूच्या राजवटीतला हा कागद, पण त्यावर रकमेचे शब्द तेलुगू आणि कानडीबरोबर मराठीतही आहेत. बीड, परभणी, नांदेडच्या बाजारात निजामी ‘हाली’ आणि ब्रिटिश ‘कलदार’ असा फरक करून जगलेल्या पिढीच्या हातात ही मराठी अक्षरं होती.

दुसरं गोव्याचं. १९०६ पासून तिथे बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेच्या नोटा चालत. १९५९ मध्ये रुपिया जाऊन एस्कुदो आला, आणि रुपियाला सहा एस्कुदो असा दर असल्याने नोटा निघाल्या तीस, साठ, तीनशे, सहाशेच्या! त्या आकड्यांत जुना हिशोब लपलेला आहे. मालिकेत अल्बुकर्कचा चेहरा मिरवतो, सोळाव्या शतकात गोवा जिंकणाऱ्याचा. इतकी सुबक छपाई, इतका आत्मविश्वास. आणि १९ डिसेंबर १९६१ ला ते राज्यच संपलं. देखण्या नोटेवरून सरकारच्या आयुष्याचा अंदाज बांधू नये.

स्वातंत्र्यानंतर राजाच्या जागी गांधीजींचा चेहरा घ्यायचा विचार झाला होता, तशी रेखाटनंही तयार होती. अखेर सारनाथच्या सिंहांवर एकमत झालं. गांधीजी आले १९६९ ला, जन्मशताब्दीत, बसलेले, आणि मागे आपल्या वर्ध्याजवळचा सेवाग्राम आश्रम. १९५४ च्या पाच हजारांच्या नोटेवर गेटवे ऑफ इंडिया होतं. १९७८ मध्ये ती रद्द झाली. पण माझ्या मते सर्वांत देखणी ती शिडाच्या जहाजाची दहा रुपयांची. तिच्यात कुणाचा रुबाब नाही, वाऱ्याने भरलेलं शीड आहे. आणि २०१९ पासून वीस रुपयांच्या हिरवट पिवळ्या नोटेवर वेरूळ आलं आहे. ती आपण वडापावाच्या गाडीवर न बघता देऊन टाकतो.

जुन्या ट्रंकेत, पोथीत, आजीच्या बटव्यात एखादी रद्द झालेली नोट सापडली, तर तिला सेलोटेप लावू नका, इस्त्री फिरवू नका, पीव्हीसीच्या पाकिटात कोंबू नका. टेपचा चिकट अंश आणि पीव्हीसीतून सुटणारी द्रव्यं कागद खातात. आधी उजेडासमोर धरा, दोन्ही बाजू वाचा, कुणाची सही आहे ती पाहा. आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी, रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय उघडं आहे याची खात्री करून, मुलांना घेऊन लोकलने फोर्टात जा. फिरोजशहा मेहता रस्त्यावरचं हे संग्रहालय २००४ साली सुरू झालं, आणि मी वर सांगितलेल्या काळांचा मोठा भाग तिथे काचेमागे नीट लावलेला आहे.