नानखटाई, चीज आणि एम-थ्री

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं आमच्या संपादिका-कम-रूममेटने सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. मी पडले कॉन्व्हेंटची! अजूनही कोणी ‘एकोणसाठ’ म्हटलं की फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, असा मनातल्या मनात हिशोब करते. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. नाहीतरी पोटात घालण्याच्याच गोष्टीवर लिहितेय.

मागच्या दिवाळीत आजीकडे बोरी अरबला गेले होते. यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरचं, अडाण नदीकाठचं गाव. माझ्या बॅगेत दोन खास गोष्टी होत्या. एक, शाळेत ख्रिसमसला सिस्टरांनी शिकवलेल्या शॉर्टब्रेडची वही आणि सोबत चीज. दुसरी, एम-थ्रीचा निकाल. केटी लागली होती आणि घरी कोणालाच सांगितलं नव्हतं.

शॉर्टब्रेड मूळ स्कॉटलंडचं. प्रमाण एम-थ्रीपेक्षा फारच सोपं: एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. मी साखर निम्मी केली, तिच्या जागी किसलेलं चीज घातलं, वर भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट आणि आजीच्या डब्यातली चारोळी. आजी पाटावर बसून सगळं बघत होती.

“काय करून राह्यली व?”

“शॉर्टब्रेड, आजी.”

“नानखटाईच हाय ते. पन त्यात चीज कायले?”

मी लेक्चर सुरू केलं. मैद्यात पाणी पडून मळला की ग्लुटेनचे लांब, चिवट धागे तयार होतात. आधी लोणी चोळलं तर कणांवर त्याचं आवरण बसतं, धागे आखूड राहतात आणि बिस्किट खुसखुशीत होतं. म्हणून ते ‘शॉर्ट’. आजीने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “मंग मोहन म्हन ना!” एवढ्या मोठ्या थिअरीला मराठीत तीन अक्षरी शब्द आहे, हे मला विसाव्या वर्षी कळलं.

पहिला ट्रे काकांच्या ओव्हनमध्ये ठेवला. घाईत पीठ थंड केलं नव्हतं. लोणी मऊ, त्यात चीजमध्ये जवळजवळ निम्मं पाणी. सगळी बिस्किटं पसरून त्यांची एक पोळी झाली! दुसरा ट्रे ठेवणार, तेवढ्यात लाईट गेली.

आजी उठली. “चाल, भट्टीवर.”

पूर्वी दिवाळीच्या आधी घरोघरच्या बायका मैदा, साखर, डालडा घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायच्या, पत्र्यावर नानखटाया थापून नंबर लावायच्या. आजीही जायची. सुरतेत डच लोकांची भट्टी एका पारशी माणसाकडे आली आणि तिथून नानखटाई पसरली, असं सांगतात. आजीला सुरतेशी काही घेणंदेणं नाही. आपला पत्रा दुसऱ्याच्या पत्र्याशी बदलला जाऊ नये म्हणून तिथेच बसून राहायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक.

रस्त्यात ती ताटावरचा रुमाल सावरत म्हणाली, “आल्यापासून तू जेवत नाहीस बराबर.” आणि माझ्या तोंडून निघालंच. केटी म्हणजे काय ते सांगायला लागले, तर म्हणाली,

“नापास झाली म्हन ना सीधी. पैसे पुन्हा भरा लागते?”

“हो.”

“बाबाले सांगतलं?”

“नाही. तू सांग ना, आजी.”

“मी कायले सांगू? पेपर म्या देल्ला का?”

बस्स. ना रागावली, ना जवळ घेतलं.

भट्टीवाल्या चाचांनी चीज घातलेली नानखटाई पहिल्यांदाच बघितली. पाव निघून गेल्यावर भट्टीची आच उतरली होती, त्यावर त्यांनी पत्रा सरकवला. चालताना वाऱ्याने पीठ गार झालं होतं, त्यामुळे या वेळी एकही पसरली नाही. कडा छान तांबूस झाल्या. चीजमधली प्रथिनं आणि साखर तापून होणारी ही मेलार्ड रिॲक्शन. आधी खारट, मग गोड, शेवटी दाण्याचा कूट दाताखाली. आजीने एक खाल्ली, दुसरी उचलली. प्रमाणपत्र मिळालं!

संध्याकाळी बाबा यवतमाळहून आले. मी बशी पुढे ठेवली आणि सांगून टाकलं. आजी तिथेच वाती वळत होती, एक शब्द बोलली नाही. बाबांनी बिस्किट अर्धं खाऊन बशीत ठेवलं. बराच वेळ गप्प. मग विचारलं, “पेपर कधी आहे?” आणि उरलेलं अर्धं खाल्लं.

एम-थ्री मी नंतर सोडवला. मार्क विचारू नका. पण त्या दिवाळीपर्यंतचे तीन आठवडे मी जे पोटदुखीचं सोंग केलं, ते त्या पेपरपेक्षा अवघड होतं. आपल्या हॉस्टेलमध्ये असे निकाल उशीखाली ठेवून झोपणारे बरेच आहेत, मला माहीत आहे.

परवाच आजीकडून डबा आलाय. आता चीज तीच घालते. या सगळे, पण लवकर... चारच उरल्यात!