मधल्या फळीतला नायक

1981 साली योइची ताकाहाशी यांची ‘कॅप्टन त्सुबासा’ ही चित्रमालिका ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात सुरू झाली, तेव्हा जपान एकदाही विश्वचषकाला पात्र ठरला नव्हता. व्यावसायिक लीग नव्हती. कंपन्यांचे संघ होते आणि खेळाडू बहुतेक त्यांचेच नोकरदार. अशा देशातला त्सुबासा ओझोरा नावाचा शाळकरी मुलगा विश्वचषक जिंकण्याचं बोलतो, मोठेपणी ब्राझीलला जातो, पुढे बार्सिलोनाकडून खेळतो. ही कारकीर्द काल्पनिक असली, तरी जपानी फुटबॉलच्या इतिहासात तिला जागा द्यावीच लागेल, असं माझं ठाम मत आहे. याचं मुख्य कारण मैदानावरची त्याची जागा. मुलांच्या गोष्टींत पराक्रमाचा मान सहसा गोल मारणाऱ्याला मिळतो. ताकाहाशींनी दांडगा, हट्टी स्ट्रायकर प्रतिस्पर्ध्याला, कोजिरो ह्युगाला दिला आणि नायक ठेवला दहा नंबरचा मिडफिल्डर. त्सुबासा स्वतःही गोल मारतो, हे खरं. पण त्याचं मोठेपण तारो मिसाकीबरोबरच्या पासांमध्ये, सगळं मैदान एका नजरेत घेण्यात आहे. चेंडू दुसऱ्याला देणं ही मुलांना हवीहवीशी गोष्ट झाली, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. हिदेतोशी नाकाता, शुनसुके नाकामुरा, शिंजी ओनो हे पुढच्या पिढीचे मोठे खेळाडू मधल्या फळीतलेच होते.

यावर आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. जपानने 1968च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं होतं. यासुहिको ओकुदेरा 1977 मध्येच जर्मनीच्या कोलोन संघात गेला होता. काझुयोशी मिउरा 1982 मध्ये पंधराव्या वर्षी ब्राझीलला निघाला, म्हणजे त्सुबासाच्याही आधी. 1993 मध्ये दहा क्लबांची जे-लीग उभी राहिली नसती, तर 1998चा पहिला विश्वचषक दिसला नसता. हे सगळं मान्य. चित्रकथेने मैदानं बांधली नाहीत की प्रशिक्षक नेमले नाहीत. पण लीग उभी राहिली तेव्हा तिच्याकडे धावत येणारी मुलं दहा वर्षं आधीपासून चेंडू घेऊन तयार होत होती, आणि ही तयारी कुठल्याही महासंघाच्या ठरावाने होत नसते. फर्नांडो टोरेससारखा स्पॅनिश खेळाडूही लहानपणी ही मालिका पाहिल्याचं सांगतो, यावरून तिची पोच कळते.

दुसरा आक्षेप खुद्द जपानी चित्रकथेनेच घेतला. 2018 मध्ये सुरू झालेली ‘ब्लू लॉक’ म्हणते, की या देशात पास देणारे उदंड झाले, आता तीनशे पोरांना कोंडून त्यांतून एक स्वार्थी स्ट्रायकर घडवा. दुखणं तिने बरोबर ओळखलं आहे. जपानला जागतिक दर्जाचा गोलमार खेळाडू विरळाच लाभला. उपाय मात्र मला पटत नाही. 2022च्या विश्वचषकात जपानने स्पेनला 2-1 हरवलं. काओरू मितोमाने गोलरेषेवरून, बाहेर जाता जाता, चेंडू मागे वळवला आणि त्यावर विजयी गोल केला आओ तानाकाने. तानाका मिडफिल्डर आहे.