डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा



भद्रावतीच्या पार्श्वनाथांच्या दर्शनाला आम्ही गडचिरोलीहून आमच्या व्हॅननेच जातो. सासूबाईंपासून धाकट्या पुतण्यापर्यंत सात जण. सावली, मूल, चंद्रपूर असा रस्ता, त्यातला बराचसा जंगलातला. चितळ कधी आडवे येईल, सांगता येत नाही.

यंदा निघण्याच्या चार दिवस आधी डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागला, तो विझेना. शेजारी म्हणाले, "ब्रेक लागतोय ना? मग जाऊ द्या." ब्रेक लागत होता हे खरे. पण एकदम जोरात दाबला तर चाके जाम होऊ नयेत आणि गाडी वळवता यावी, हे काम एबीएसचे. २०१९ पासून आपल्याकडे नव्या प्रवासी गाड्यांना ते सक्तीचे झाले, ते उगीच नाही. समोर चितळ आले तर त्याचा आणि आपला, दोघांचाही जीव त्यावर असतो.

मिस्त्रीभाऊंनी स्टेअरिंगखाली स्कॅनर जोडला. पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा कोड आला. "वहिनी, कोड म्हणजे नुसता पत्ता. काय बिघडलं ते तिथे जाऊनच पाहावं लागतं." पाहिले, तर सेन्सर धड होता, वायर उंदरांनी कुरतडली होती. चाकाजवळ पाणी-चिखल उडतो, वायर सतत हलते; टेपचा जोड टिकत नाही. म्हणून वायरसकट सेन्सर बदलला.

आता प्रश्न उंदरांचा. व्हॅन दुकानाच्या गोदामाजवळ उभी, त्यात धानाचा हंगाम. कुणी विषाची वडी सुचवली, कुणी चिकट कागद. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "देवाच्या वाटेसाठी जीव घ्यायचा का?" मग व्हॅन पोत्यांपासून दूर, उजेडात हलवली. सीटखालचा दाणा न् दाणा झाडून काढला. पिंजरा लावला, सापडलेला उंदीर दूर माळावर सोडून येतो. सकाळी गाडी सुरू करण्याआधी दोन थापा मारतो, आत बसलेला जीव निघून जावा म्हणून. जयणा म्हणजे आणखी काय?

तुम्हीही एवढे पाहा. चावी फिरवली की एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागतात आणि काही सेकंदांत विझतात. लागलेच नाहीत किंवा विझले नाहीत, तर गाडी दाखवून घ्या. एअरबॅगचा दिवा पेटून राहिला, तर ऐनवेळी ती उघडेलच याचा भरवसा नाही. तिच्या वायरिंगचे जोड सहसा पिवळे असतात. त्यांना घरी टेस्टर लावू नका, एअरबॅग तिथेच फुटू शकते. एबीएससोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी हलवूच नका.

दुसऱ्या दिवशी दिवा वेळेवर विझला, तेव्हाच सासूबाईंनी डबे भरायला सांगितले.